नऊ वर्षं अँब्युलन्सवर काढली, त्याचं कॉलेज क्रेडिट मिळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत नऊ वर्षं ईएमटी (अँब्युलन्सवर पहिले उपचार करणारा), आधी व्हॉलंटियर स्क्वॉडवर आणि आता पगारी फायरफायटर. हातात फायरफायटर १ आणि २, हॅझमॅट ऑपरेशन्स (घातक रसायनांची हाताळणी), फायर इन्स्ट्रक्टर १, आयसीएस (आपत्तीत कमांड कशी चालवायची) ३०० आणि ४००, वर फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याच्या, ऑनलाइन कोर्सेसची ४३ सर्टिफिकेटं, आणि पंधरा वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेल्या कॉलेजची २४ क्रेडिटं (डिग्री अशा क्रेडिटांच्या बेरजेनं मिळते, बॅचलर्सला १२०). डिपार्टमेंटनं आता कॅप्टनच्या वर जायला बॅचलर्स डिग्रीची अट घातलीये, आणि एका वेबसाइटनं सांगितलंय की रिझ्युमे पाठवा, अनुभवावर पंधरा दिवसांत डिग्री घरी येईल. तर यातलं खरं काय आणि या कागदांची किती क्रेडिटं होतात, असं विचारलंय.

वेबसाइटचं नंतर बोलू, तोवर फक्त क्रेडिट कार्ड बाहेर काढू नका म्हणजे झालं.

मी स्वतः याच वाटेनं गेलोय. स्क्वॉडवर ईएमटी, मग पॅरामेडिक (ईएमटीच्या वरची पायरी), मग ट्रेनिंगला, आणि गेली बरीच वर्षं एका कम्युनिटी कॉलेजात लोकांची अशीच सर्टिफिकेटं बघून कुठलं कुठे बसतं ते ठरवायचं काम करतोय. माझी स्वतःची डिग्री मात्र दोन वर्षं उशिरा झाली, ती का झाली ते पुढे सांगतो कारण तुम्ही नेमकं तेच करायला निघालाय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, सर्टिफिकेटवर छापलेली अशी क्रेडिटं नसतात. तोच ईएमटीचा कागद एक कॉलेज सात क्रेडिटला घेतं आणि वीस मैलांवरचं दुसरं कॉलेज म्हणतं छान आहे, फ्रेम करून लावा. लोकांना वाटतं की वर कुठेतरी एक सरकारी ऑफिस आहे आणि तिथे एक तक्ता टांगलेला आहे, या कागदाला इतके, त्या कागदाला इतके. असा तक्ता नाही. जवळात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, ज्याला सगळे एस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परत आलेल्या लोकांच्या ट्रेनिंगचं कॉलेजात काय करायचं हा प्रश्न आला तेव्हापासून ते हे काम करतायत, आणि १९७४ पासून सैन्याबाहेरच्या ट्रेनिंगचंही करतात. प्रोफेसर लोकांची टीम कोर्सचा अभ्यासक्रम, परीक्षा, तास सगळं तपासते आणि सांगते की हे साधारण लोअर डिव्हिजनच्या (कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पातळीच्या) तीन क्रेडिटच्या बरोबरीचं आहे, अमुक विषयात. पण ती शिफारस असते. घ्यायचं की नाही हे कॉलेज ठरवतं, आणि कॉलेजातही बऱ्याचदा त्या डिपार्टमेंटचा एक माणूस ठरवतो, ज्याचा त्या दिवशीचा मूड पण बघावा लागतो (गंमत करत नाहीये). असंच काम करणारी दुसरी संस्था एनसीसीआरएस, ती न्यूयॉर्कची.

एसच्या शिफारशीत एक बारीक मेख असते जी कोणी वाचत नाही. प्रत्येक शिफारशीला तारखांची चौकट असते. कोर्स २०१६ ते २०१९ या काळासाठी तपासलेला असेल आणि तुम्ही २०१५ मध्ये केला असेल तर नाव तेच, इन्स्ट्रक्टर तोच, पुस्तक तेच, पण शिफारस लागू नाही. लोक माझ्याशी यावरून भांडलेत. तारीख बघा, व्हर्जन बघा, कुठे केला ते बघा.

आता तासांचं गणित, कारण हे एकदा कळलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. कॉलेजचं एक क्रेडिट म्हणजे ढोबळमानानं १५ तास वर्गात, आणि त्याच्या दुप्पट तास घरी अभ्यास, म्हणजे ४५ तासांचं काम. लॅब असेल तर साधारण ३० तासांना एक, क्लिनिकल असेल तर ४५ ला एक. ईएमटीचा कोर्स राष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे १५० ते १९० तासांचा धरतात, काही राज्यांत त्याहून जास्त, म्हणून बहुतेक कॉलेजं त्याला सहा ते नऊच्या मधे कुठेतरी ठेवतात. पॅरामेडिकचा कोर्स हजार तासांच्या वर जातो, म्हणून तिथे तीस-चाळीस क्रेडिटं एकदम मिळू शकतात. आणि सीपीआरचं कार्ड? चार तासांचा क्लास. त्याला क्रेडिट मागायला गेलात तर समोरचा हसणार नाही, पण तुमच्या बाकीच्या फाइलकडे मग तो जरा वेगळ्या नजरेनं बघतो. एसीएलएस, पाल्स ही पुढच्या जीवरक्षक उपचारांची कार्डं पण तशीच, नोकरीला हवीतच, कॉलेजला जवळजवळ निरुपयोगी.

म्हणून माझं मत असं की तुमच्या ढिगातला सगळ्यात वजनदार कागद ईएमटीचा आणि फायर अकॅडमीचा आहे, फेमाचे ४३ नाहीत. आकड्यावर जाऊ नका.

ईएमएसमध्ये पॅरामेडिकला एक मोठा फरक आहे तो सांगून ठेवतो, पुढे कधी पॅरामेडिक करायचं मनात आलं तर. १ जानेवारी २०१३ पासून नॅशनल रजिस्ट्रीच्या, म्हणजे देशपातळीवरच्या, पॅरामेडिक परीक्षेला बसायला तुमचा प्रोग्राम सीएएएचईपी या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला किंवा त्या प्रक्रियेत असलेला लागतो. त्यामुळे बरेच प्रोग्राम कुठल्या ना कुठल्या कॉलेजशी जोडलेले असतात, आणि तिथे सुरुवातीलाच क्रेडिटवाल्या बाजूनं नाव घातलं तर पुढे ही सगळी धावपळच लागत नाही. काही ठिकाणी एकाच वर्गात दोन माणसं शेजारी बसतात, एक क्रेडिट घेऊन, एक विनाक्रेडिट, फी थोडी कमी म्हणून. पाच वर्षांनी दुसरा माणूस माझ्या टेबलासमोर बसलेला असतो. आणि डिग्रीचा संबंध आता फक्त प्रमोशनशी राहिलेला नाही. ओरेगनमध्ये पॅरामेडिकला असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री लागते, टेक्सासमध्ये साधा पॅरामेडिक वेगळा आणि डिग्रीवाला लायसन्स्ड पॅरामेडिक वेगळा.

फायरच्या बाजूला काय बघतात तर सर्टिफिकेट कोणाचं आहे. राज्याचं नुसतं सर्टिफिकेट राज्याबाहेर थोडं अडखळतं, त्यावर प्रो बोर्ड किंवा आयएफएसएसी या फायरच्या परीक्षा प्रमाणित करणाऱ्या संस्थांचा शिक्का असेल तर बाहेरच्या कॉलेजलाही कळतं की एनएफपीए या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेच्या स्टँडर्डवर परीक्षा झालीये, नुसती हजेरी नाही. हा शब्द लक्षात ठेवा, हजेरी. ज्या कागदावर ‘अटेंडन्स’ लिहिलंय आणि ज्यावर परीक्षा पास झाल्याचं लिहिलंय त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या फायर इन्स्ट्रक्टर १ ला म्हणूनच चांगला भाव येऊ शकतो, त्यात लेसन प्लॅन, लेखी परीक्षा, शिकवून दाखवणं सगळं असतं.

पोलिसवाल्यांचंही असंच, त्यांची अकॅडमी म्हणजे तासांची खाणच, कॅलिफोर्नियात बेसिक कोर्स कमीत कमी ६६४ तासांचा आहे आणि तिथल्या कित्येक अकॅडमी कम्युनिटी कॉलेजच चालवतात, त्यामुळे क्रेडिट आतूनच मिळतं. क्वांटिकोच्या एफबीआय नॅशनल अकॅडमीला दहा आठवडे जाणाऱ्यांना व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचं क्रेडिट मिळतं. तुम्हाला याचा उपयोग नाही, पण घरात कोणी पोलिसात असेल तर सांगा.

आता फेमा. हा विषय आला की मला चहा लागतो.

फेमाचे इंडिपेंडंट स्टडी (आयएस) कोर्सेस फुकट आहेत, घरबसल्या होतात, आणि २००४ मध्ये निम्स ही आपत्ती हाताळायची देशभराची एकच पद्धत आल्यापासून फेडरल ग्रँट हवी तर लोकांना आयएस-१००, २००, ७००, ८०० करायला लावतात, म्हणून प्रत्येकाकडे ते असतातच. मग काही लोकांना त्याची चटकच लागते. रात्रपाळीला तिसरी कॉफी झाली की एक कोर्स. एकाच आठवड्यात अकरा केलेले लोक मी पाहिलेत. एकेक कोर्स तीन-चार तासांचा, शेवटी मल्टिपल चॉइस. वर सांगितलेलं ४५ तासांचं गणित लावा, मग कळेल की कॉलेजचा माणूस हे बघून भुवई का उंचावतो. आयएस कोर्सेसचं सर्टिफिकेट घेऊन थेट कॉलेजात गेलात तर बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. यासाठी एक अधिकृत वाट आहे ती म्हणजे मेरिलँडचं फ्रेडरिक कम्युनिटी कॉलेज, ते ठराविक आयएस कोर्सेसचं फी घेऊन स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट देतं, आणि मग ते ट्रान्सक्रिप्ट तुम्ही तुमच्या कॉलेजला पाठवायचं. सगळे कोर्स त्यात बसत नाहीत, यादी आधी बघा. आणि समोरचं कॉलेज ते घेतं का हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा, कारण घेतलं तरी ते बहुतेक फ्री इलेक्टिव्हमध्ये (कुठलाही विषय चालणाऱ्या मोकळ्या जागांत) जाणार, एक-एक क्रेडिटचे तुकडे. तुमच्या ४३ मधले कदाचित सहा-सात निवडून करा, त्यातही प्रोफेशनल डेव्हलपमेंट सिरीजचे सात असतील तर ते आधी, कारण त्या सगळ्यांचा मिळून काहीतरी अर्थ लागतो, लीडरशिप, प्लॅनिंग, व्हॉलंटियर सांभाळणं असं. बाकीचे राहू द्या, ज्ञान कुठे जात नाही.

आयसीएस ३०० आणि ४०० हे वर्गात बसून केलेले, टेबलटॉप एक्झरसाइजसकट, म्हणून त्यांचं वजन जास्त. पण तेही आठवडाभरात संपणारे, दोन्ही मिळून तुमचा तीन क्रेडिटचा कोर्स होईलच असं धरून चालू नका. पोर्टफोलिओत पुरावा म्हणून मात्र ते उत्तम चालतात.

याउलट ज्याच्याकडे फार कमी लोक बघतात ते म्हणजे एमिट्सबर्गची नॅशनल फायर अकॅडमी. तिथल्या बऱ्याच कोर्सेसना एसची शिफारस आहे आणि वरच्या पातळीच्या काहींना अप्पर डिव्हिजनची आहे. अप्पर डिव्हिजन म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीचं, ३०० आणि ४०० नंबरचे कोर्सेस. हे सोन्यासारखं आहे कारण आपल्या क्षेत्रातली जवळजवळ सगळी सर्टिफिकेटं लोअर डिव्हिजनला जातात आणि बॅचलर्स अडते ती नेमकी वरच्या कोर्सेसवर. तिथे शिकवण्याची फी नाही, राहायला खोली फुकट, जेवणाचं कूपन तेवढं आपलं. चीफच्या सहीशिवाय अर्ज जात नाही. त्यामुळे चीफशी गोड बोला.

आता माझी दोन वर्षं कुठे गेली ते. मी माझे कागद घेऊन पहिल्या ज्या कॉलेजात गेलो तिथल्या ॲडमिशनवाल्या बाईंनी सांगितलं की आम्ही तुमची ४५ क्रेडिटं घेतो. मी घरी पेढे आणले. दीड वर्षानं डिग्री ऑडिट (कुठलं क्रेडिट डिग्रीत कुठे बसलं याचा तक्ता) बघितलं तेव्हा कळलं की ४५ ‘घेतली’ होती, पण डिग्रीत बसली होती १८. बाकीची ट्रान्सक्रिप्टवर नुसती बसून होती, लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी, जेवण आहे पण काम काही नाही. कारण १२० क्रेडिटच्या बॅचलर्समध्ये जागा ठरलेल्या असतात. साधारण तिसेक-चाळीस जनरल एज्युकेशन म्हणजे लेखन, गणित, सायन्स, इतिहास, मानसशास्त्र वगैरे, तीस-चाळीस मेजर, आणि उरलेल्या फ्री इलेक्टिव्हच्या जागा. माझ्या त्या डिग्रीत इलेक्टिव्हच्या १८ च जागा होत्या. मेजर होतं बिझनेसचं, त्यात ईसीजी वाचता येण्याला कोण विचारतो. चूक माझीच, मी ‘किती घेता’ विचारलं, ‘कुठे बसवता’ विचारलं नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी डिग्री ठरवा, जिच्या मेजरमध्ये तुमचं काम बसतं, म्हणजे फायर सर्व्हिस ॲडमिनिस्ट्रेशन, इमर्जन्सी मॅनेजमेंट, पब्लिक सेफ्टी लीडरशिप अशी काहीतरी, तिचा कोर्सचा तक्ता कागदावर छापून घ्या, आणि मग एकेका रिकाम्या चौकोनासमोर तुमचा कोणता कागद जातो ते पेन्सिलनं लिहा. नॅशनल फायर अकॅडमीनं कॉलेजांबरोबर मिळून फेशे नावाचा मॉडेल अभ्यासक्रम केलाय, फायरच्या डिग्रीत तो पाळणारं कॉलेज असेल तर कोर्सची नावं ओळखीची वाटतील आणि एका कॉलेजातून दुसरीकडे जाताना पण कमी त्रास होतो. डिग्रीचं नाव बघताना अजून एक, असोसिएटमध्ये एएएस (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) आणि एएस (असोसिएट ऑफ सायन्स) असे प्रकार असतात. एएएसमध्ये अकॅडमीची क्रेडिटं भरपूर घेतात पण पुढे बॅचलर्सला जाताना त्यातली बरीचशी टेक्निकल म्हणून गळून पडू शकतात. असोसिएट हीच शेवटची असेल तर एएएस झकास. तुमचं तसं नाही.

कॉलेज कुठलं हा पुढचा प्रश्न येणारच. बहुतेक कॉलेजांना कमीत कमी पाव डिग्री, म्हणजे तीसेक क्रेडिटं स्वतःकडेच करून हवी असतात. तीन कॉलेजं मात्र मोठ्या माणसांसाठीच सुरू झाली, बाहेरची क्रेडिटं घ्यायला सगळ्यात मोकळी, तिघंही १९७० च्या दशकातली आणि तिघंही मान्यता असलेली: ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, कनेक्टिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज, आणि ऑल्बनीची एक्सेल्सियर, जी पूर्वी रीजंट्स कॉलेज होती. चार्टर ओकला तर स्वतःचे म्हणून फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन कोर्स लागतात. तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणजे थॉमस एडिसन घरचीच, राज्याची पब्लिक युनिव्हर्सिटी, आणि ते लोक एसची वाट न बघता काही लायसन्सं आणि ट्रेनिंग स्वतः तपासून क्रेडिट ठरवून ठेवतात, त्याला प्रोफेशनल लर्निंग रिव्ह्यू म्हणतात. तुमचे कागद त्या यादीत आहेत का हे पहिलं बघा, त्याला पैसे पडत नाहीत. पण लक्षात घ्या, मोकळं कॉलेज म्हणजे स्वस्त कॉलेज असं नाही. कमी कोर्स घ्यावे लागतात म्हणून एकूण बिल कमी येतं, पण वर रेसिडेन्सी फी, ग्रॅज्युएशन फी, असेसमेंट फी असं काय काय असतं, ते सगळं लिहून बेरीज करा. दुसऱ्या राज्यात असता तर अजून काही वाटा होत्या, ओहायो आणि फ्लोरिडासारख्या राज्यांनी काही सर्टिफिकेटांचं क्रेडिट राज्यभराच्या पब्लिक कॉलेजांसाठी ठरवूनच टाकलंय, तिथे कोणाच्या मूडचा प्रश्न कमी येतो.

जिथे कागद नाही पण काम येतं, तिथे पोर्टफोलिओ, म्हणजे काय येतं ते लिहून पुराव्यांसकट कॉलेजला तपासायला देणं. यात लोक सगळ्यात जास्त आपटतात. क्रेडिट अनुभवाला मिळत नाही, त्या अनुभवातून जे शिकलात त्याला मिळतं, आणि ते कॉलेजच्या एखाद्या ठराविक कोर्सच्या बरोबरीचं आहे हे दाखवावं लागतं. माझ्याकडे आलेल्या एका लेफ्टनंटनं सुपरव्हिजनच्या कोर्ससाठी पहिल्यांदा आठ पानं लिहिली होती, अमुक साली लेफ्टनंट झालो, सहा माणसं हाताखाली होती, तीन मोठ्या आगी, एक मेडल. वाचायला मस्त, क्रेडिट शून्य. मी त्याला म्हटलं की तुझा तो कायम उशिरा येणारा माणूस आठवतो का, त्याचं तू काय केलंस ते लिही. मग खरं बाहेर आलं. आधी तोंडी समज का दिली, लेखी कधी दिली, युनियनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठली पायरी चुकली असती तर सगळं उलटलं असतं, त्याच्या घरी आई आजारी आहे हे कळल्यावर शिफ्ट बदलायचा निर्णय आणि बाकीच्या क्रूला तो पक्षपात वाटू नये म्हणून काय केलं, आणि त्यातलं काय पुढच्या वेळी वेगळं करेल. ते कोर्सच्या आउटकम्सला एकेक करून जोडलं, पुस्तकातल्या दोन कल्पना स्वतःच्या भाषेत मांडल्या, आणि तीन क्रेडिटं मिळाली. दोन्ही वेळी माणूस तोच होता.

पुरावे म्हणून ड्यूटी रोस्टर, तुम्ही बनवलेला लेसन प्लॅन, एसओपीचा (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचा) मसुदा, आफ्टर ॲक्शन रिपोर्ट (घटनेनंतरचा आढावा), आणि वरिष्ठाचं पत्र चालतं. पत्रात ‘मेहनती आणि प्रामाणिक’ असं नको, ‘याला हे, हे आणि हे करता येतं, मी स्वतः पाहिलंय’ असं हवं. आणि काहीही झालं तरी पेशंट केअर रिपोर्ट जोडू नका, नाव खोडून पण नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हिपा कायदा आहेच, शिवाय छोट्या गावात तारीख आणि गल्ली वाचली की सगळ्यांना कळतं कोण होतं. असा एक पोर्टफोलिओ मी न वाचता परत केलाय. फीचं म्हणाल तर असेसमेंटच्या फीला फेडरल स्टुडंट एड सहसा चालत नाही. डिपार्टमेंट ट्यूशनचे पैसे परत देतं, पण असेसमेंट फी ट्यूशनमध्ये मोडते का हे तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बघून घ्या. नोकरीकडून मिळणारी शिक्षणाची मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत टॅक्समधून सुटते.

जनरल एज्युकेशनसाठी पोर्टफोलिओच्या नादी लागू नका, परीक्षा द्या. क्लेप म्हणजे वर्गात न बसता पास होऊन कॉलेजचं क्रेडिट मिळवायच्या परीक्षा, त्या ३४ आहेत, बहुतेक दीड तासाच्या, पास व्हायला एसच्या शिफारशीप्रमाणे ५० स्कोअर. तशाच दुसऱ्या परीक्षा डीएसएसटी, त्यात क्रिमिनल जस्टिस, ह्युमन रिसोर्स, सुपरव्हिजन असे आपल्या कामाजवळचे विषय आहेत. स्टेशनवर रात्री कॉल नसताना मोबाइल बघण्याऐवजी एक क्लेप तयार होतो, मी दोन तसे केलेत, एक कॉलवरून आल्यावर झोप नव्हती म्हणून. त्या लेफ्टनंटचं सुपरव्हिजन परीक्षेनंही झालं असतं, पण त्याला परीक्षेची भीती आणि लिहायची हौस, ज्याचं त्यानं बघावं.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का असं कोणी विचारलं तर २०२० मध्ये केल आणि विचे या उच्च शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थांनी ७२ कॉलेजांचा अभ्यास केला होता, त्यात असं क्रेडिट मिळालेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ४९ टक्क्यांनी शिक्षण पूर्ण केलं आणि न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी. यातला काही फरक असा की जो माणूस कागदांच्या मागे लागून क्रेडिट मिळवतो तो मुळातच चिवट असतो, त्यांनीही बाकीच्या गोष्टी धरून हिशोब केला तेव्हा फरक १७ टक्क्यांवर आला. तरी कमी नाही. आणि त्याच अभ्यासात असं क्रेडिट मिळालेले विद्यार्थी होते फक्त ११ टक्के, म्हणजे बाकीच्यांनी बहुतेक विचारलंच नाही.

आता ती वेबसाइट. नुसता रिझ्युमे बघून अख्खी डिग्री देणारं मान्यता असलेलं एकही कॉलेज नाही, विषय संपला. ‘ॲक्रेडिटेड’ असं त्यांनी लिहिलेलं असतंच, ॲक्रेडिट करणारी संस्था पण त्यांनीच काढलेली असते. एज्युकेशन डिपार्टमेंटच्या डेटाबेसमध्ये कॉलेजचं नाव टाका, नसेल तर पुढे वाचू पण नका. पब्लिक सेफ्टीतल्या माणसाला याचा धोका जास्त आहे कारण आपला प्रत्येक कागद प्रमोशनच्या वेळी कोणीतरी तपासतं आणि कोर्टात साक्ष द्यायला उभं राहिलं की समोरचा वकील पण तपासतो. २००४ साली जीएओनं, म्हणजे अमेरिकन काँग्रेसच्या तपास करणाऱ्या ऑफिसनं, मान्यता नसलेल्या तीनच संस्थांच्या नोंदीत ४६३ फेडरल नोकर शोधून काढले होते. न्यू जर्सीत तर अशी डिग्री वापरण्याविरुद्ध कायदाच आहे. नऊ वर्षांची नोकरी त्यापायी घालवू नका.

तुमचा अंदाज मांडतो, ढोबळच धरा. जुनी २४ क्रेडिटं ‘सी’ किंवा वरच्या ग्रेडची असतील तर बहुतेक सगळी येतील, फक्त जुन्या कॉलेजचं काही देणं राहिलं असेल तर ते ट्रान्सक्रिप्ट अडवून ठेवू शकतात, ते आधी फोन करून विचारा. ईएमटीची सहा-सात. फायरची सगळी मिळून दहाच्या आसपास, कॉलेज कसं बघतं त्यावर, आणि हॅझमॅट अकॅडमीतच झालं असेल तर ते दोनदा मोजलं जाणार नाही. फेमामधून मोजकी. म्हणजे सुरुवात ४० ते ४५ वरून. चार-पाच परीक्षा आणि दोन पोर्टफोलिओ नीट झाले तर ६० ओलांडाल. उरलेल्यात वरच्या पातळीचे कोर्सेस आहेत, ते ऑनलाइन एकेक करत शिफ्ट सांभाळून करायला अडीच-तीन वर्षं धरा. कोणी वर्षात होईल म्हणालं तर त्याला शिफ्ट नाहीये किंवा मुलं नाहीयेत.

या आठवड्यात करायचं काम एकच, तुमच्या ईएमटी आणि फायरफायटर १ च्या मूळ कोर्सचा सिलॅबस आणि तासांचा तक्ता मिळवणं, सर्टिफिकेटची झेरॉक्स नाही. ट्रेनिंग सेंटरं जुने कागद फार दिवस ठेवत नाहीत, माणसं बदलतात, सेंटरं बंद पडतात, माझा स्वतःचा ईएमटीचा सिलॅबस शेवटी माझ्या जुन्या इन्स्ट्रक्टरच्या गॅरेजमधल्या खोक्यात सापडला, त्यावर तेलाचे डाग होते. तेवढ्यावर मला सात क्रेडिटं मिळाली. ईएमटीचं सर्टिफिकेट लॅप्स होऊ देऊ नका, बरीच कॉलेजं चालू असलेलंच धरतात. आणि कॉलेजला ईमेल कराल तेव्हा डिग्रीचं नाव, कॅटलॉगचं वर्ष आणि ‘हे क्रेडिट कोणत्या रिक्वायरमेंटमध्ये बसेल’ एवढं लिहून विचारा, फोनवर मिळालेलं उत्तर कितीही गोड असलं तरी धरू नका. फायर अकॅडमी कुठल्या काउंटीत आणि कुठल्या साली केलीत तेवढं कळवलंत तर त्याच्या तासांबद्दल अजून नेमकं सांगता येईल.